भिजत घातलेलं

सुभाषनगरात रात्री दोनला
कोपऱ्यावरचं कुत्रंसुद्धा भुंकून गप होतं,
तेव्हा अप्पांचा डावा हात हलतो.

जागेपणी हलतो तसा नाही.
जागेपणी तो परक्या घरी आलेल्या पोरासारखा
दारातच उभा.
एकोणचाळीस वर्षं त्यानं नुसतं धरून ठेवलं,
विणलं ते उजव्यानं.
उजवा आता मांडीवर असतो,
एसटीत कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

निलोफर, फिजिओवाली, दर मंगळवारी येते.
मूठ उघडा, मूठ मिटा, असलं फार सांगत नाही.
चामड्याच्या तीन वाद्या हातात देते,
म्हणते, वेणी घाला.
अप्पा घालतात. वरून जायची वादी
खालून जाते. उसवतात.
पुन्हा. पुन्हा खालून.
अकरा वेळा मोजलं मी.
बाराव्यांदा वाद्या भिंतीवर आपटल्या
आणि तोंडातून शिवी निघाली ती अर्धीच,
उरलेली अर्धी कुठं ठेवलीय
ते आठवेना.

"आता झोपू द्या त्यांना," निलोफर म्हणाली.
मी म्हटलं, दमलेत ना.
"दमलेत, पण त्यासाठी नव्हे.
आज हाताला जे सांगितलं
ते डोकं रात्री एकटं बसून गिरवणार.
तेवढा वेळ द्यावा लागतो त्याला."

आणि रात्री दोनला हे.
चादरीवर बोटं. अंगठा आत, तर्जनी वरून.
थांबली. मागं आली. पुन्हा वरून.
पापण्यांखाली बुबुळांची ये-जा,
शटर ओढून घेतलेल्या दुकानात
आतल्या आत कुणी माल लावत असावं तशी.

मी हे बघते कारण मी जागी असते.
दूध संघात सहा वर्षं रात्रपाळी, पिशव्या भरायची.
पंधरा दिवसांची रजा मिळाली, पण
अंगाला रजा घेता येत नाही.
संघात नवीन मशीन आलंय.
हिरवं बटण आधी का पिवळं,
तीनदा शिकवलं साहेबांनी,
तीनदा मी मान डोलावली,
आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.
परवा तर सख्ख्या भावजयीला
"अगं... ही..." म्हणून हाक मारली.

सकाळी अप्पांनी चहाच्या आधी वाद्या मागितल्या.
वरून. खालून. वरून.
चार पेडं सरळ उतरली, पाचवं चुकलं.
चारच. पण काल एकही नव्हतं.
"कुणी शिकवलं?" मी विचारलं.
"न्हाई ठावं," अप्पा म्हणाले,
एकेक अक्षर दातानं सोडवत. "हातालाच ठावं."

सगळंच काही टिकलं नाही.
महाद्वार रोडच्या शेटकडं तीन हजार येणं होतं,
ते रात्रीनं कातरणांबरोबर झाडून बाहेर टाकलं.
मी आठवण केली, तर
कोण शेट, म्हणाले,
आणि हसले, अर्ध्याच तोंडानं, पण मनापासून.

मोरीजवळ त्यांचं जुनं घमेलं आहे.
मी सात वर्षांची असल्यापासून एकच हुकूम:
रातीला कातडं भिजत घाल.
वाळलेलं वळत न्हाई, मोडतं.
मी घालायचे. पाण्यात काही घडताना
कधी दिसलं नाही मला,
बोट बुडवून बघितलं तरी.
सकाळी मात्र ते कातडं
सांगाल तसं वळायचं.

आज दुपारी वाद्या खाली ठेवून
अप्पा माझ्याकडं बघत बसले बराच वेळ.
डोळ्यांखालच्या काळ्यावर नजर ठेवून, जशी
मालाची प्रत बघतात.
मग डाव्या हातानं
उशी माझ्याकडं सरकवली.
वाकडी सरकली, घमेल्याला जाऊन टेकली.
"भीज," म्हणाले. "जरा."

खिडकीवर मी चादर टांगली.
बाहेर भंगारवाला ओरडत होता.
हिरवं आधी, मी मनात म्हटलं, मग पिवळं,
का पिव